ऐकू आलं की बोट वर

१

माझं काम कान तपासायचं. म्हणजे कानात बॅटरी मारून बघतात त्या डॉक्टरीणबाई. मी काचेच्या अलीकडे बसते. पलीकडे एक छोटी बंद खोली आहे, भिंतींना आतून स्पंज लावलेली, दार ओढलं की बाहेरचं जग एकदम संपतं अशी. पेशंटला तिथल्या खुर्चीत बसवायचं, हेडफोन चढवायचे आणि रोजचं वाक्य म्हणायचं, "आवाज कितीही बारीक आला तरी बोट वर करा. थांबला की खाली." मग मी बटणं दाबते आणि बोटांकडे बघते. दिवसभर बोटंच बघते. एखाद्याचा चेहरा विसरेन, बोट विसरत नाही.

ऐकणारा माणूस कसा दिसतो हे मी झोपेतही सांगेन. कणा ताठ, नजर कुठल्यातरी एका जागी ठेवलेली, तोंड किंचित उघडं.

घाबरट माणसं आवाज नसतानाही बोट वर करतात. त्यांना नापास व्हायचं नसतं. म्हणून आम्ही मध्येच काहीही न वाजवता थांबतो. त्या शांततेत बोट वर गेलं तर समजायचं, हा ऐकत नाहीये, अंदाज करतोय. त्या खुर्चीत मला बसवलं तर मी हेच करीन याबद्दल मला शंका नाही. दुसऱ्याच्या दारावरची बेल मीच वाजवते आणि मीच दचकते.

२

आई गेल्यानंतर मी ताईकडे राहत होते. ताईचं लग्न झालं तशी तिच्याबरोबरच गेले, म्हणजे सामानात. त्यांच्या हॉलमधल्या सोफ्यावर माझी पाच वर्षं गेली. मग ताईला दिवस राहिले, आणि मी म्हणाले, आता मी वेगळी राहते. दवाखान्यापासून जवळ एक घर बघितलं. गल्लीच्या टोकाला, दोन खोल्या एकामागे एक, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे अंगण. तिन्ही बाजूंनी उंच भिंत. अंगणात जायची वाट एकच, स्वयंपाकघराच्या दारातून.

"तू? एकटी?" ताई म्हणाली. "तू बाथरूमला जाताना दिवा लावून ठेव म्हणून मला उठवतेस."

शेवटी ठरलं ते असं : वर्षाचा करार करायच्या आधी महिनाभर राहून बघायचं. त्यात रात्री एकदाही घाबरून फोन केला, तर दुसऱ्या दिवशी ती टेम्पो पाठवणार. मग रडणं नाही, हट्ट नाही, पुन्हा सोफा.

मला ते घर हवं होतं. त्याहून जास्त, अशा घरात एकटी राहणारी मुलगी असते ना, ती मला व्हायचं होतं.

महिना संपत आला होता आणि मी फोन केला नव्हता. पण एक गोष्ट मी ताईला सांगितली नव्हती. दवाखान्यातून घरी आल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझा आवाज वापरलाच जात नसे. कधीकधी सकाळी पहिल्या पेशंटला "बसा" म्हणताना तो घशात अडकायचा. मग मी घरी मोठ्याने वाचायला लागले, साबणाच्या वेष्टनावरचं, औषधाच्या बाटलीवरचं. दोन-तीन दिवसांनी तेही सोडलं. ऐकणारं कुणी नसलं की आपलाच आवाज परक्या बाईचा वाटतो.

३

दुर्बीण भाऊजींची. त्यांची फार वर्षांची हौस. घेऊन आले आणि ताईने दारातच अडवलं. "पाळणा ठेवायला जागा नाही आणि हे तोफ घेऊन आलेत." तोफ माझ्या अंगणात आली.

त्या दिवशी मी दवाखान्यातून लवकर निघाले. उजेड असतानाच घरातली एकुलती एक खुर्ची अंगणात नेली, तिपाई उभी केली, त्यावर नळी बसवली आणि भाऊजींना फोन लावला. उजेडातला फोन मोजायचा नव्हता.

"झाकण काढलंस?" भाऊजींनी विचारलं.

"काढलं."

"दोन्हीकडचं?"

मी दुसरं झाकण आवाज न करता काढलं. "हो, दोन्हीकडचं."

"आत्ता काढलंस ना? असू दे, मीपण दुकानात तेच केलं. आता बघ, मोठीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण आहे. दोघींत एकच वस्तू मधोमध दिसली पाहिजे. छोटीने शोधायचं, मोठीने बघायचं. उजेड आहे तोवर लांबचं काहीतरी धर, न हलणारं."

भिंतीपलीकडे मोकळी जमीन होती, आणि तिच्या पार टोकाला एकच इमारत. बांधून झालेली, पण राहायला कुणी आलं नव्हतं. मी तिच्या वरच्या मजल्यावरची कडेची खिडकी धरली. छोटीचे स्क्रू पिळत बसले. खिडकी मोठीत मधोमध आली. काच, काचेमागे काळोख.

"झकास. आता घरातले सगळे दिवे घालव. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे."

"सगळे?"

"सगळे. एक जरी राहिला तरी मजा जाते."

मागून ताईचा आवाज आला. "तिला सांगा, चप्पल घालून बस म्हणावं." मग तिने फोनच घेतला. सातव्या महिन्यात तिला दोन वाक्यांमध्ये दम लागत होता. "घाबरत नाहीस ना?"

"नाही गं."

"मग आवाज का असा?"

"असाच आहे तो."

४

चंद्र पहिल्या झटक्यात सापडला. मी डोळा लावला आणि मागे सरकले. तो इतका जवळ असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. राखेत पावसाचे थेंब पडावेत तसे खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याच्या एका कडेला उजेड, दुसऱ्या कडेला सावली. मी काहीच करत नव्हते, तरी तो आपोआप कडेकडे सरकत होता. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं होतं. आता ती माझ्या खुर्चीखालून फिरत होती.

"बाप रे, बघ ना," मी म्हणाले.

मग आठवलं की शेजारी कुणी नाही. ते 'बघ ना' अंगणातच राहिलं, कुणी न उचललेल्या ताटलीसारखं.

चंद्र निसटला. त्याला पुन्हा पकडताना माझं कोपर छोट्या दुर्बिणीला लागलं आणि सगळं बिनसलं. छोटीत चंद्र, मोठीत नुसतं आभाळ. पहिल्यापासून जुळवायला हवं होतं, पण आता उजेड नव्हता.

तेवढ्यात लांबच्या इमारतीत एक दिवा दिसला. वरचा मजला, कडेची खिडकी.

मला बरंच वाटलं. एक तर जुळवायला काहीतरी मिळालं. आणि दुसरं, तिथे कुणीतरी राहायला आलं होतं.

५

खिडकीला पडदा नव्हता. पिवळसर उजेड, रिकामी भिंत. भिंतीसमोर खुर्चीत एक माणूस बसलं होतं. बाई की पुरुष ते कळेना. तोंड माझ्याकडे. हात गुडघ्यांवर.

दुसऱ्याच्या घरात असं डोकावू नये हे मला कळतं. मी फक्त स्क्रू पिळणार होते आणि चंद्राकडे परत जाणार होते. पण बसण्यात काहीतरी ओळखीचं होतं. कणा ताठ. तोंड किंचित उघडं.

माझ्या मांडीवरून दुर्बिणीचं झाकण फरशीवर पडलं आणि टणटणलं.

त्या माणसाने उजव्या हाताचं बोट वर केलं. झाकण गोल फिरत फिरत शांत झालं. बोट खाली आलं.

मी डोळा काढला, चोळला. योगायोग. आणि तिथवर आवाज जाणार कसा? गेला तरी पोचायला वेळ लागेल. बोट तर तिथल्या तिथे उठलं होतं. हे सगळं मी शिकलेली आहे. मी पुन्हा डोळा लावला आणि खुर्चीच्या दांड्यावर टिचकी मारली.

बोट वर. खाली.

दोन टिचक्या. बोट वर, खाली, वर, खाली.

मग मी दवाखान्यात करते तेच केलं. थांबले. काहीच वाजवलं नाही, श्वाससुद्धा हळू सोडला. अंदाज करणारं असेल तर आता फसेल. बराच वेळ मी तशी बसले. बोट गुडघ्यावर होतं. जरासुद्धा हललं नाही.

६

यानंतर मी घरात पळायला हवं होतं. माझ्यासारख्या मुलीने तर नक्कीच. पण खरं सांगायचं तर मला हसू आलं.

मी तपासणी सुरू केली. आवाज कमी कमी करत न्यायचा. नखाने नळीवर ओरखडा : बोट वर. ओढणी बोटांत चुरगाळली : वर. ओठ नुसते एकमेकांवरून सोडवले : वर. इतके चांगले कान आमच्या खुर्चीत कधी बसले नव्हते. मी पुटपुटले, "नॉर्मल. चिंता करू नका," आणि बोट पूर्ण वाक्यभर वर राहिलं.

मग मी बोलतच गेले. दवाखान्यातल्या गमती सांगितल्या. बहिरेपणाचं सोंग घेऊन आलेला तो म्हातारा, बायको बाहेर गेली म्हटल्याबरोबर ज्याला सगळं ऐकू यायला लागलं. सोफ्याच्या मधल्या खड्ड्याबद्दल सांगितलं. औषधाच्या बाटल्या मोठ्याने वाचते ते सांगितलं. बोट वरच होतं. मी श्वास घ्यायला थांबले की तेवढं खाली यायचं. महिनाभरात, कदाचित त्याच्याही आधीपासून, मला इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

आत, स्वयंपाकघरात, खुर्ची सरकली.

फरशीवरून लाकडी पाय ओढल्याचा स्पष्ट आवाज. माझ्या पाठीमागे, उघड्या दारातून. मी दचकले नाही, थिजले. घरात खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मी बसले होते.

डोळा अजून दुर्बिणीलाच होता. बोट गुडघ्यावर होतं.

ते वर गेलं नव्हतं. ओढणीची चुरगळ ऐकणाऱ्या कानांनी खुर्ची ऐकली नव्हती. मी नखाने नळीवर टक केलं. बोट लगेच वर. म्हणजे कान शाबूत होते.

मग आत नळ सुटला. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज, आधी पोकळ, मग भरत जाणारा. बोट खाली.

यावर मी जो विचार केला तो मला अजूनही बरोबर वाटतो. आवाज झालाच नाही. झाला असता तर बोट वर गेलं असतं. शांततेत बोट वर करणारी घाबरट पेशंट मी होते. आत कुणी नव्हतं. आत फक्त माझी भीती होती, आणि तिचा पुरावा समोर खिडकीत बसला होता. मी स्वतःला समजावलं, उठ, आत जा, दिवा लाव. उठलेही. स्वयंपाकघराचं दार अंधारात उघडं होतं, आणि आत कुणीतरी नळ बंद केला.

मी बसले. फोन काढला. घर गेलं तर गेलं.

७

"ताई."

"काय गं?"

 मी एकदम बोलून टाकलं. "मला न्यायला ये."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, सांगत होते ना. ती म्हणाली, "बरं. निघतो आम्ही. जेवलीस का?"

"उद्या टेम्पो..."

"टेम्पोचं मरू दे. दार लावून आत बस."

"मी अंगणातच बसते."

"बस. अंगावर काहीतरी घे."

फोनमधून येणारा तिचा तो बारकासा आवाज, त्यालाही खिडकीतलं बोट वर जात होतं. मी बघत होते. ताईच्या शब्दाला वर, ती दम घ्यायला थांबली की खाली. मला रडूच आलं. तिच्या घरून माझ्याकडे येईपर्यंत एक अख्खा सिनेमा बघून होतो असं भाऊजी म्हणतात. मी ठरवलं, तोवर या खिडकीवरून नजर काढायची नाही. एक साक्षीदार तरी असू दे.

चंद्र भिंतीच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा सरकला नव्हता, सिनेमाचं मध्यंतरही झालं नसतं, तेव्हा आतून हाक आली.

"अगं, कुठेयस?"

ताई. तोच आवाज, वाक्याच्या शेवटी तोच दम. मला एकदम हायसं वाटलं. "इकडे, मागे," मी म्हणाले, आणि माझ्या त्या दोन शब्दांना बोट वर गेलं.

"अंधार करून काय बसलीस?"

बोट गुडघ्यावर.

मी नखाने नळीवर टक केलं. बोट वर, खाली.

"ये ना आत. मी आले ना आता."

गुडघ्यावर.

मागे वळून बघायला किती लागतं? मान फिरवायची, बस. पण मी दुर्बिणीला घट्ट डोळा लावून बसले होते, भोवतीचं रबर गालात रुतेपर्यंत. स्वयंपाकघरातून चपला घासत आल्या. उंबऱ्याशी थांबल्या. मग अंगणाच्या फरशीवर. ताई हल्ली अशीच चालायची, पाय न उचलता. बोट हललं नाही.

मी अगदी हळू, खिडकीला विचारलं, "ऐकू येतंय का तुला?"

बोट वर गेलं. पण ते माझ्या प्रश्नाला होतं.

"कुणाशी बोलतेस?" माझ्या मागे ताईने विचारलं.

खिडकीतलं माणूस उठलं. इतका वेळ ते बसलेलंच होतं. ते काचेशी आलं, दोन्ही तळवे काचेला लावले, मान वाकडी करून. आवाज कुठून येतोय ते शोधताना पेशंट करतात तशी. मग माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या जरासं मागे, वर, जिथे माझ्यामागे उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा असेल तिथे.

आणि त्याने दिवा घालवला.

दुर्बिणीत काही उरलं नाही. खांद्यावर हात पडला. गरम होता. बोटातली अंगठी तेवढी गार.

८

भाऊजींचा हॉर्न गल्लीत वाजला तेव्हा मी कुलूप लावून पुढच्या पायरीवर बसले होते. ताई शेजारी होती. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला होता. आम्ही मागच्या सीटवर बसलो.

भाऊजी गाडी चालवायला लागले की गप्प बसत नाहीत. "एकदा घाबरलीस म्हणून काय झालं? माझ्या पहिल्या नोकरीच्या गावी मी महिनाभर रेडिओ लावून झोपायचो. रेडिओ बंद पडला त्या रात्री स्टेशनवर जाऊन झोपलो. टेम्पोबिम्पो काही नाही, ती उगाच बोलते. परवा परत सोडतो तुला. करार कर बिनधास्त."

घर माझं राहिलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता.

ताई मात्र वेगळंच बोलत होती, हळू, माझ्या कानाशी. आईचा शेवटचा आठवडा. तेव्हा मी लहान, मला मावशीकडे पाठवलं होतं. त्या आठवड्यात काय झालं, आई काय म्हणाली, माझं नाव घेतलं का, हे मी ताईला किती वर्षं विचारत होते. ती प्रत्येक वेळी उठून कामाला लागायची. आता ती सगळं सांगत होती, पहिल्या दिवसापासून. खोलीत खाट कुठे होती. उशाशी कोण बसायचं.

सिग्नल लागला. भाऊजींनी आरसा नीट केला.

"तिला यायचं होतं गं," ते म्हणाले. "दारापर्यंत आली चप्पल घालून. मीच नको म्हटलं, पाय इतके सुजलेत. आणि तू मागे एकटी कशाला बसलीस? पुढे ये की, सगळी सीट रिकामी आहे."

गाडी थांबलेली होती. दार उघडून पुढे जायला काहीच लागलं नसतं. बाहेर दिवे होते, माणसं रस्ता ओलांडत होती, एक बाई मुलाच्या अंगात स्वेटर घालत होती. माझा हात त्या दोन हातांत होता. त्यांनी तो घट्ट धरलेला नव्हता. मी काढला असता तर सुटला असता.

"मग आईने डोळे उघडले," ती म्हणाली, "आणि तुझ्याबद्दल विचारलं."

"असू दे, भाऊजी," मी म्हणाले. "इथे बरी आहे."

सिग्नल सुटला. गाडी पुढे निघाली. मी काचेला डोकं टेकवलं, तोंड दुसरीकडे केलं आणि शक्य तितक्या हळू विचारलं, "काय विचारलं?"

पुढे भाऊजींनी आरशात पाहिलं.